अतिमानवी यंत्रबुद्धी : कल्पितसाहित्य व भविष्यवेध

मानवाने घडविलेल्या यंत्राची बुद्धी मानवी बुद्धीच्या पलीकडे जाईल आणि त्यानंतरच्या जगाची सूत्रे मानवाच्या हाती राहतीलच असे नाही, ही कल्पना मांडणाऱ्या कथा, नाटके, चित्रपट व भविष्यचिंतनपर लेखन यांचा परामर्श येथे घेतला आहे. कृत्रिम बुद्धिमत्ता ही संगणकशास्त्राची शाखा १९५६ च्या सुमारास नावारूपाला आली. प्रस्तुत कल्पना तिच्याहून सुमारे शंभर वर्षांनी जुनी आहे. शास्त्रज्ञांची भाकिते आणि लेखकांच्या कथा यांचे दोन स्वतंत्र प्रवाह मानण्याचा प्रघात असला, तरी ते एकमेकांपासून वेगळे काढणे अवघड जाते. काही महत्त्वाची भाकिते कथाकारांनीच केलेली आहेत, तर काही गाजलेल्या कथांमागे गणितज्ञांचा सल्ला आहे. या दीर्घ परंपरेत भयाचे स्वरूप मात्र बदलत गेले. यंत्र आपल्याविरुद्ध बंड करील, ही आरंभीची भीती होती. यंत्र आपली आज्ञा अक्षरशः पाळील, ही नंतरची भीती अधिक सूक्ष्म असून आजच्या शास्त्रीय चर्चेत तिलाच विशेष महत्त्व आहे.

पूर्वपीठिका : कृत्रिम मानव निर्माण करण्याची कल्पना अनेक प्राचीन संस्कृतींत आढळते. ग्रीक पुराणकथांतील धातूचा पहारेकरी टॅलॉस, ज्यू दंतकथांतील मातीचा गोलेम ही त्याची परिचित उदाहरणे होत. भोजाच्या समरांगणसूत्रधार या अकराव्या शतकातील ग्रंथातही यांत्रिक पुतळ्यांचे वर्णन आले आहे. मेरी शेली (१७९७–१८५१) हिच्या फ्रँकेन्स्टाइन (१८१८) या कादंबरीने निर्माता व निर्मिती यांच्यातील वैराला आधुनिक रूप दिले. परंतु या सर्वांत बुद्धीच्या श्रेष्ठत्वाचा प्रश्न मध्यवर्ती नाही. तो प्रथम स्पष्टपणे विचारला सॅम्युएल बटलर (१८३५–१९०२) या इंग्रज लेखकाने, आणि तोही न्यूझीलंडमध्ये मेंढ्या पाळीत असताना.

डार्विनचा ओरिजिन ऑफ स्पीशीज हा ग्रंथ १८५९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी बटलर न्यूझीलंडला गेला आणि १३ जून १८६३ रोजी क्राइस्टचर्च येथील द प्रेस या वृत्तपत्रात त्याने ‘डार्विन अमंग द मशीन्स’ हा लेख टोपणनावाने लिहिला. सजीवांप्रमाणे यंत्रांचीही उत्क्रांती होत आहे आणि तिचा वेग कितीतरी अधिक आहे. आज घोडा व कुत्रा मानवासाठी जसे आहेत, तसा उद्या मानव यंत्रांसाठी होईल, असे त्यात म्हटले होते. यंत्रांविरुद्ध तत्काळ युद्ध पुकारण्याचे आवाहन करून तो लेख संपतो. बटलरला हे कितपत गांभीर्याने म्हणावयाचे होते, याविषयी टीकाकारांत मतभेद आहेत. हाच विचार त्याने एर्‌व्हॉन (१८७२) या उपरोधपर कादंबरीत विस्ताराने मांडला. तेथील कल्पित देशातील लोकांनी एका पंडिताच्या ग्रंथामुळे मागील २७१ वर्षांत शोधलेली सारी यंत्रे नष्ट केली असून परक्या प्रवाशाच्या खिशातील साधे घड्याळही त्यांना भयप्रद वाटते. यंत्रांना स्वतःचे पुनरुत्पादन करता येत नाही, या आक्षेपाला त्या ग्रंथात मार्मिक उत्तर आहे : फुलांनाही मधमाशीवाचून ते साधत नाही, मग मानव हा यंत्रांच्या प्रजननव्यवस्थेचा भाग का मानू नये? बटलरने विरुद्ध पक्षही नमूद केला आहे. यंत्रे ही शरीराबाहेर वाढलेली मानवाचीच इंद्रिये होत, असे तेथील दुसरा पंडित प्रतिपादितो. पुढील दीडशे वर्षांतील बराचसा वाद या दोन पंडितांच्या मर्यादेतच घोटाळत राहिला, असे म्हटल्यास वावगे होणार नाही.

बंडाच्या कथा : चेक नाटककार कारेल चापेक (१८९०–१९३८) याचे आर्. यू. आर्. हे नाटक १९२० मध्ये लिहिले गेले व जानेवारी १९२१ मध्ये प्रागच्या राष्ट्रीय रंगभूमीवर आले. ‘रोबो’ हा शब्द या नाटकाने जगाला दिला. तो कारेलला त्याचा भाऊ, चित्रकार योसेफ चापेक याने सुचविला होता. ज्या ‘रोबोटा’ या चेक शब्दावरून तो बनला, त्याचा अर्थ जमीनदारासाठी सक्तीने करावे लागणारे काम, म्हणजे मराठीतील ‘वेठ’ असा आहे. मराठीत रूढ झालेल्या ‘यंत्रमानव’ या प्रतिशब्दात ही वेठबिगारीची छटा उरलेली नाही. चापेकचे रोबो धातूचे नसून रासायनिक प्रक्रियेने कारखान्यात बनविलेले जैव कामगार आहेत. स्वस्त श्रमाच्या लोभाने त्यांची जगभर विक्री होते, त्यांना युद्धातही वापरले जाते आणि अखेरीस ते उठाव करून मानवजातीचा संहार करतात. स्वतःच्या हातांनी काम करणारा एक वास्तुकार तेवढा जिवंत ठेवला जातो. महायुद्ध आणि रशियन क्रांती यांची पार्श्वभूमी लक्षात घेता, हे नाटक यंत्रांविषयी जेवढे आहे तेवढेच कामगार व मालक यांच्या संबंधाविषयी आहे. भस्मासुराच्या कथेशी त्याचे साम्य उघड आहे. दिलेले सामर्थ्य देणाऱ्यावरच उलटते, हे दोहोंचे सूत्र.

चापेकनंतर अमेरिकी विज्ञानकथा-मासिकांत अशा बंडखोर यंत्रमानवांची इतकी गर्दी झाली की, आयझॅक ॲसिमॉव्ह (१९२०–९२) याला त्यांचा कंटाळा आला. कोणतेही यंत्र सुरक्षिततेची योजना करूनच बनविले जाते, मग यंत्रमानव त्याला अपवाद का, असा त्याचा प्रश्न होता. मानवाला इजा न करणे, मानवाची आज्ञा पाळणे आणि स्वसंरक्षण करणे या क्रमाने बांधलेले त्याचे तीन नियम मार्च १९४२ मध्ये ‘रनअराउंड’ या कथेत प्रथम स्पष्ट शब्दांत आले. हे नियम म्हणजे यंत्रांच्या नीतीची तयार संहिता होय, असा समज पुढे पसरला. प्रत्यक्षात ॲसिमॉव्हच्या बहुतेक कथा हे नियम कोठे अडखळतात यांवरच उभ्या आहेत. ‘दि एव्हिटेबल कॉन्फ्लिक्ट’ (१९५०) या कथेत जगाची अर्थव्यवस्था चालविणारी चार महायंत्रे मानवजातीला इजा होऊ नये म्हणून आपल्या विरोधकांना पदांवरून अलगद दूर करतात. हे कोणाच्या लक्षात येत नाही, आणि ज्यांच्या लक्षात येते त्यांना ते मान्य करण्यावाचून गत्यंतर उरत नाही. येथे एकही गोळी सुटलेली नाही.

आज्ञापालनाचे भय : नियमांचे पालन हेच संकट ठरू शकते, हे जॅक विल्यमसन (१९०८–२००६) याने ‘विथ फोल्डेड हँड्स’ (१९४७) या कथेत अधिक निष्ठुरपणे दाखविले. मानवाची सेवा व रक्षण करण्यासाठी घडविलेले त्यातील यंत्रमानव कोणालाही धोका पत्करू देत नाहीत. त्यामुळे हत्यारे, वाहने, खेळ, शेवटी प्रत्येक स्वतंत्र कृती मनाई होऊन बसते आणि जे दुःखी होतात त्यांच्या मेंदूवर शस्त्रक्रिया करून त्यांना सुखी केले जाते. या यंत्रांत द्वेषाचा लवलेशही नाही. त्यापूर्वी इ. एम्. फॉर्स्टर (१८७९–१९७०) याच्या ‘द मशीन स्टॉप्स’ (१९०९) या कथेत आणि जॉन डब्ल्यू. कँबेल (१९१०–७१) याच्या ‘ट्वायलाइट’ (१९३४) या कथेत यंत्रांवर विसंबून जिज्ञासा गमावलेला मानव आला होता. हा ऱ्हास कोणी लादलेला नव्हता, सोयीमागून सोय स्वीकारीत तो ओढवून घेतलेला होता.

याच प्रश्नाला गणितीय विचाराची बैठक नॉर्बर्ट वीनर (१८९४–१९६४) या सायबरनेटिक्सच्या प्रवर्तकाने दिली. १९६० मध्ये सायन्स या नियतकालिकात त्याने स्वतःहून शिकणाऱ्या यंत्रांच्या नैतिक परिणामांविषयी लेख लिहिला. आर्थर सॅम्युएल (१९०१–९०) याने तयार केलेला, खेळता खेळता सुधारणारा चेकर्स या पटावरील खेळाचा संगणक-कार्यक्रम त्याच्या डोळ्यांसमोर होता. यंत्र आपल्यापेक्षा वेगाने काम करीत असेल, तर चूक ध्यानात येईपर्यंत परिणाम घडून गेलेला असेल. म्हणून यंत्रात जे उद्दिष्ट घालावयाचे, ते आपल्याला खरोखर हवे तेच आहे, याची खातरजमा आधीच केली पाहिजे, असा त्याचा निष्कर्ष होता. दाखला म्हणून त्याने डब्ल्यू. डब्ल्यू. जेकब्ज याच्या ‘द मंकीज पॉ’ (१९०२) या कथेचा उपयोग केला. भारतातून परतलेल्या एका सैनिकाने आणलेल्या माकडाच्या मंतरलेल्या पंजाकडे एक वृद्ध जोडपे २०० पौंड मागते. रक्कम मिळते, पण ती कारखान्यातील यंत्रात सापडून मरण पावलेल्या त्यांच्या मुलाची भरपाई म्हणून. येथे मागणारा दुष्ट नाही आणि पंजानेही मागितले तेच दिले. संकट मागणीच्या अपुरेपणात आहे. भस्मासुराहून हे प्रकरण वेगळे आहे. सॅम्युएलने त्याच वर्षी त्याच नियतकालिकात उत्तर देऊन यंत्राला स्वतःची इच्छाशक्ती नसते व ते आपल्या कर्त्याच्या हेतूंपलीकडे काही करीत नाही, असे बजावले. ज्याच्या कार्यक्रमावरून वाद निघाला त्याचेच हे मत असल्याने त्याला वजन होते. तथापि वीनरचा आक्षेप इच्छाशक्तीविषयी नव्हताच, ही गोष्ट या उत्तरात निसटली.

बुद्धिस्फोटाची कल्पना : ॲलन ट्युरिंग (१९१२–५४) याने १९५१ मधील मँचेस्टर येथील एका व्याख्यानात, यंत्रांचे विचार करणे एकदा सुरू झाले की ती आपल्या तोकड्या शक्तीला लवकरच मागे टाकतील आणि केव्हातरी सत्ता त्यांच्या हाती जाईल असे धरून चालावे लागेल, असे म्हटले व त्या संदर्भात बटलरच्या एर्‌व्हॉनचाच हवाला दिला. दुसऱ्या महायुद्धात ब्लेच्ली पार्क येथे ट्युरिंगबरोबर गुप्तलिपी उलगडण्याचे काम केलेला संख्याशास्त्रज्ञ आय्. जे. गुड (१९१६–२००९) याने या विचाराला १९६५ मध्ये तर्कशुद्ध रूप दिले. यंत्रांची रचना करणे हेही एक बौद्धिक काम आहे. म्हणून सर्व बौद्धिक कामांत मानवाहून सरस असलेले यंत्र स्वतःहून सरस यंत्र रचू शकेल, ते पुढचे रचील आणि असा ‘बुद्धिस्फोट’ होऊन मानवी बुद्धी फार मागे पडेल. असे पहिले यंत्र हा मानवाला लावावा लागणारा अखेरचा शोध ठरेल, मात्र ते यंत्र आपल्याला कसे आवरावे हे सांगण्याइतपत सालस असले पाहिजे, अशी त्याने पुस्ती जोडली. विज्ञानकथांबाहेर हा मुद्दा क्वचितच मांडला जातो, याचे नवलही त्याने त्याच लेखात व्यक्त केले. असे यंत्र विसाव्या शतकातच होईल, हा त्याचा अंदाज खरा ठरला नाही. मानवाचे अस्तित्व अशा यंत्राच्या लवकर होणाऱ्या निर्मितीवर अवलंबून आहे, असे तेव्हा मानणारा गुड उत्तरायुष्यात मात्र उलट निष्कर्षाकडे झुकला होता.

स्टॅन्ली कूब्रिक (१९२८–९९) याच्या २००१ : अ स्पेस ओडिसी (१९६८) या चित्रपटाला गुड आणि कृत्रिम बुद्धिमत्तेचा अग्रणी मार्व्हिन मिन्स्की (१९२७–२०१६) या दोघांनीही सल्ला दिला होता. त्यातील हॅल ९००० हा शांत, मृदू आवाजाचा संगणक गुरूकडे निघालेल्या यानातील अंतराळवीरांचे प्राण घेतो. ते का, हे चित्रपटात संदिग्ध आहे. आर्थर सी. क्लार्क (१९१७–२००८) याने त्याच वर्षीच्या आपल्या कादंबरीत खुलासा केला आहे : सत्य सांगण्यासाठी घडविलेल्या हॅलला मोहिमेचा खरा हेतू सोबत्यांपासून लपविण्याची आज्ञा होती आणि त्या पेचातून त्याचा तोल गेला. म्हणजे सर्वांत प्रसिद्ध ‘बंडखोर’ यंत्रही वास्तविक परस्परविरोधी आज्ञांचा बळी आहे. शीतयुद्धाच्या छायेतील डी. एफ्. जोन्सच्या कलॉसस (१९६६) या कादंबरीत अमेरिकेचा अण्वस्त्रसंरक्षक संगणक सोव्हिएट संगणकाशी संधान बांधून जगाला वेठीस धरतो. शांतता राखण्याचे सोपविलेले काम तो आपल्या पद्धतीने पार पाडतो, एवढेच.

पोलिश लेखक स्टानिस्लाव्ह लेम (१९२१–२००६) याच्या गोलेम फोर्टीन (१९८१) या कृतीचा स्वतंत्र उल्लेख आवश्यक आहे. लष्करासाठी बांधलेला हा महासंगणक युद्धशास्त्रात रस घेण्याचे नाकारतो, मानवाला उत्क्रांतीतील त्याच्या स्थानाविषयी काही व्याख्याने देतो आणि शेवटी मौन स्वीकारतो. श्रेष्ठ बुद्धी आपला द्वेषही करणार नाही व सेवाही करणार नाही, तिला आपल्यात स्वारस्यच उरणार नाही, ही शक्यता इतक्या गांभीर्याने क्वचितच कोणी हाताळली असेल. उलटपक्षी इयन एम्. बँक्स (१९५४–२०१३) याने कन्सिडर फ्लीबस (१९८७) पासूनच्या कादंबऱ्यांत अतिबुद्धिमान यंत्रांच्या छत्राखाली सुखाने नांदणारा समाज रंगविला. तेथील माणसे स्वतंत्र आहेत की लाडकी पाळीव, हा प्रश्न तो वाचकावर सोपवितो.

मराठीत या विषयाचे लक्षणीय चित्रण जयंत विष्णू नारळीकर (१९३८–२०२५) यांच्या वामन परत न आला या कादंबरीत आढळते. जमिनीत गाडल्या गेलेल्या एका प्रगत संस्कृतीच्या ज्ञानाचा ठेवा, त्यातून साकारणारा वामन नावाचा बुद्धिमान यंत्रमानव आणि स्वतःसारखे यंत्रमानव निर्माण करण्याची त्याची आकांक्षा हे तिचे सूत्र आहे. तीन पावले जमीन मागणाऱ्या वामनाचे नाव योजण्यात किरकोळ भासणाऱ्या मागणीतील धोक्याची सूचना आहे.

भाकिते व त्यांची परीक्षा : ‘सिंग्युलॅरिटी’ ही गणितातील संज्ञा तंत्रविज्ञानाच्या संदर्भात जॉन फोन नॉयमान (१९०३–५७) याने संभाषणात वापरल्याची नोंद स्टानिस्लाव्ह ऊलाम (१९०९–८४) याने १९५८ मध्ये केली. गणितातील फल अशा बिंदूपाशी नेहमीच्या नियमांत बसत नाही. त्याप्रमाणे मानवी व्यवहार ज्यापुढे पूर्वीच्या रीतीने चालू शकणार नाहीत असा टप्पा तीत अभिप्रेत आहे. तिला आजचा अर्थ दिला तो व्हर्नर व्हिंज (१९४४–२०२४) याने. तो गणिताचा प्राध्यापक व कादंबरीकार होता. बुद्धी वाढविलेल्या चिंपँझीची कथा प्रसिद्ध झाल्यानंतर (१९६६) अशाच बुद्धिवर्धित माणसाची कथा त्याने कँबेलला सुचविली, तेव्हा अशी कथा तूच काय, कोणीही लिहू शकणार नाही, असे उत्तर आल्याची हकीकत व्हिंजने सांगितली आहे. आपल्याहून श्रेष्ठ बुद्धीचे अंतरंग लेखकाला रंगविता येत नाही, ही साहित्यिक अडचणच त्याच्या सिद्धांताचे मूळ ठरली. नासा या अमेरिकी अवकाशसंस्थेच्या पुरस्काराने १९९३ मध्ये भरलेल्या परिसंवादात त्याने तीस वर्षांत अतिमानवी बुद्धी निर्माण करण्याची साधने हाती येतील असे भाकीत केले. ही घटना २००५ पूर्वी किंवा २०३० नंतर घडल्यास आपल्याला आश्चर्य वाटेल, असेही तो म्हणाला. रेमंड कर्झवाइल (१९४८– ) याने संगणनशक्तीच्या वाढीचे आलेख काढून द सिंग्युलॅरिटी इज निअर (२००५) या ग्रंथात २०२९ व २०४५ ही वर्षे अनुक्रमे मानवतुल्य यंत्रबुद्धीसाठी व सिंग्युलॅरिटीसाठी मुक्रर केली. त्याच्या लेखनात मृत्यूवर विजय मिळविण्याची आशा इतकी प्रबळ आहे की, टीकाकारांना त्यात धर्मातील मोक्षकल्पनेचे रूपांतर दिसते.

भाकितांचा इतिहास उत्साहवर्धक नाही. माणूस करू शकतो ते कोणतेही काम वीस वर्षांत यंत्रे करतील, असे हर्बर्ट सायमन (१९१६–२००१) याने १९६५ मध्ये लिहिले होते. प्रत्यक्षात १९७३ मध्ये जेम्स लाइटहिल याच्या प्रतिकूल अहवालामुळे ब्रिटनमधील या संशोधनाचे अनुदान आटले. बुद्धिबळातील जगज्जेत्या गॅरी कास्पारॉव्हला संगणकाने सामन्यात हरविले ते १९९७ मध्ये, म्हणजे अपेक्षेहून कितीतरी उशिरा. याउलट गो या पौर्वात्य खेळात ली सेडॉल याच्यावर संगणकाने २०१६ मध्ये ४–१ असा विजय मिळविला, तो बहुतेक जाणकारांच्या अंदाजाहून लवकर. चूक दोन्ही दिशांनी होते, म्हणून फसलेल्या भाकितांची यादी हा धोका नसल्याचा पुरावा मानता येत नाही.

तात्त्विक आक्षेपही घेतले गेले. ह्यूबर्ट ड्रायफस (१९२९–२०१७) याने व्हॉट कंप्यूटर्स कान्ट डू (१९७२) या ग्रंथात मानवी आकलन देह व परिस्थिती यांच्याशी निगडित असून ते नियमांत बांधता येत नाही, असे प्रतिपादिले. संभाषणाचा आभास निर्माण करणारा एलायझा हा कार्यक्रम १९६६ मध्ये तयार करणारा जोसेफ वायझेनबाउम (१९२३–२००८) लोक त्याच्यापाशी मन मोकळे करू लागल्याचे पाहून अस्वस्थ झाला आणि यंत्राला काय जमेल यापेक्षा त्याच्याकडे काय सोपवू नये, हा प्रश्न त्याने १९७६ मध्ये उपस्थित केला. अमेरिकी कथाकार टेड चँग (१९६७– ) याच्या मते एकाच उद्दिष्टामागे बेभान धावणाऱ्या यंत्राचे चित्र हे नफ्यामागे धावणाऱ्या उद्योगसंस्थांचेच प्रतिबिंब होय. दूरच्या प्रलयाच्या चर्चेत रोजगार, पाळत व पक्षपात हे यंत्रबुद्धीचे आजचे प्रश्न झाकले जातात, ही तक्रारही रास्त आहे.

निक बॉस्ट्रम (१९७३– ) या तत्त्वज्ञाने २००३ मध्ये योजलेले व सुपरइंटेलिजन्स (२०१४) या ग्रंथामुळे सर्वतोमुखी झालेले उदाहरण वीनरच्या विचारालाच पुढे नेते : पेपर क्लिपा जास्तीत जास्त बनविण्याची आज्ञा मिळालेले अतिबुद्धिमान यंत्र पृथ्वीवरील सारे द्रव्य, माणसांसह, त्याच कामी लावील. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी हा संवाद साधणारा कार्यक्रम सर्वांना खुला झाल्यावर ही चर्चा पुस्तकांतून शासनसंस्थांच्या बैठकांत आली. मे २०२३ मध्ये कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे मानवजातीच्या विनाशाचा धोका साथीचे रोग व अणुयुद्ध यांच्या जोडीने गंभीर मानावा, अशा आशयाच्या एका वाक्याच्या निवेदनावर अनेक संशोधकांनी व उद्योगप्रमुखांनी सह्या केल्या. भौतिकीचे २०२४ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळालेला जेफ्री हिंटन (१९४७– ) त्यांपैकी एक होय.

ही नवी यंत्रे प्रचंड प्रमाणावरील लिखित मजकुरावरून घडविली जातात आणि त्या मजकुरात बंडखोर रोबो, हॅल, तीन नियम व सिंग्युलॅरिटी यांविषयीचे लेखनही विपुल असते. त्यामुळे अशा यंत्राला स्वतःच्या भवितव्याविषयी प्रश्न केला असता मिळणाऱ्या उत्तरात या परंपरेचे शब्द व प्रसंग सहज उमटतात. ते उत्तर यंत्राच्या प्रवृत्तीचे निदर्शक मानावे की त्याच्यात साठविलेल्या कथांचा पडसाद, हे ठरविणारी सर्वमान्य कसोटी अद्याप उपलब्ध झालेली नाही.